काराजोर्जे पेत्रोविच

काराजोर्जे (मूळ नाव जोर्जे पेत्रोविच, १६ नोव्हेंबर १७६८ – २६ जुलै १८१७) हा ओस्मानी साम्राज्याविरुद्ध १८०४ ते १८१३ या काळात झालेल्या पहिल्या सर्बियन उठावाचा नेता आणि काराजोर्जेविच राजघराण्याचा मूळ पुरुष होय. काही ग्रंथांत त्याचे जन्मवर्ष १७६२ असे दिलेले आढळते. तुर्की भाषेत ‘कारा’ म्हणजे काळा. हे उपपद त्याच्या काळ्या केसांवरून आणि सावळ्या वर्णावरून पडले असे म्हणतात. त्याच्या उग्र स्वभावालाही ते तितकेच लागू पडत होते. ऑगस्ट १८०६ मध्ये शाबात्स शहराजवळ मिशारच्या मैदानावर त्याने मिळवलेला विजय हा या उठावातील निर्णायक विजय मानला जातो. त्या विजयाने सर्बियन शेतकऱ्यांच्या पदरात जे पडू पाहत होते ते त्यांनी का नाकारले, आणि त्याची किंमत काय मोजली, हा काराजोर्जेच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

पूर्वायुष्य

जोर्जेचा जन्म मध्य सर्बियातील शुमादिया प्रदेशात विशेवात्स या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पेतार व आईचे मारित्सा. घरची जमीन नसल्यामुळे कुटुंबाला कामाच्या शोधात गावोगाव फिरावे लागे. जोर्जे शाळेत गेला नाही आणि अखेरपर्यंत निरक्षर राहिला. १७८५-८६च्या सुमारास येलेना योवानोविच हिच्याशी त्याचा विवाह झाला. या दांपत्याला सात अपत्ये झाली.

त्याच्या तारुण्यातील एक घटना सर्व चरित्रकारांनी नोंदवली आहे. एका तुर्काच्या हत्येनंतर कुटुंबासह सावा नदी ओलांडून ऑस्ट्रियाच्या हद्दीत पळून जात असता वडील वाटेत अडून बसले व परत फिरू लागले. ते तुर्कांच्या हाती सापडल्यास सर्वांचाच घात होईल, या विचाराने जोर्जेने त्यांचा प्राण घेतला. काही कथनांत मारला गेलेला पुरुष सख्खा पिता नसून सावत्र पिता होता असे म्हटले आहे. तपशिलांत मतभेद असले तरी समकालीन लोक ही हकिकत खरी मानत होते, आणि पुढे त्याच्या आज्ञेचा जो धाक होता त्यात या हकिकतीचा वाटा होता.

१७८८ ते १७९१ या ऑस्ट्रिया-तुर्कस्तान युद्धात तो ऑस्ट्रियाच्या बाजूने लढणाऱ्या सर्बियन स्वयंसेवक दलात होता. ऑस्ट्रियाने १७८९ मध्ये बेलग्रेड जिंकले आणि १७९१च्या तहात ते सुलतानाला परत दिले. ज्या सर्बियनांनी ऑस्ट्रियासाठी रक्त सांडले होते ते पुन्हा पूर्वीच्याच राजवटीखाली आले. या युद्धात जोर्जेला कवायती फौजेची शिस्त, चर खणून मोर्चे बांधण्याची रीत आणि तोफांचा उपयोग जवळून पाहायला मिळाला. त्यानंतर काही काळ तो हायदुक, म्हणजे डोंगर-अरण्यांत राहून तुर्कांवर छापे घालणारा बंडखोर, म्हणून वावरला. पुढे तो तोपोला या गावी स्थायिक झाला व डुकरांचा व्यापार करू लागला.

हा व्यवसाय मराठी वाचकास अनपेक्षित वाटेल. परंतु शुमादियाच्या अर्थकारणाचा तो कणा होता. ‘शुमा’ म्हणजे अरण्य. येथील ओकच्या दाट वनांत पडणाऱ्या फळांवर डुकरांचे कळप पोसले जात आणि सावा व डॅन्यूब ओलांडून ऑस्ट्रियात विकले जात. अशा व्यापाऱ्यांजवळ रोख पैसा असे, घोडी असत, हत्यारे असत. दोन्ही तीरांवरच्या वाटा व उतार त्यांना ठाऊक असत आणि गावोगावचे लोक त्यांना ओळखत. उठावाचे कित्येक पुढारी याच व्यवसायातून आले, हा योगायोग नव्हे.

उठावाची पार्श्वभूमी

त्या वेळी सर्बियाचा हा भाग बेलग्रेडच्या पाशाच्या अमलाखालील सुभा होता. सुलतान तिसऱ्या सलीमने १७९३-९४ मध्ये काढलेल्या फर्मानांनी येथील ख्रिस्ती रयतेला बराच दिलासा मिळाला होता. करवसुली गावच्या व परगण्याच्या सर्बियन प्रमुखांकडे, म्हणजे क्नेझांकडे, आली. क्नेझ हा आपल्याकडील पाटील-देशमुखासारखा वतनदार समजावा. बेलग्रेडचा पाशा हाजी मुस्तफा हा इतका न्यायी होता, की सर्बियन लोक त्याला आपली माय म्हणत. बेलग्रेडमधून हद्दपार झालेल्या जानिसारी सैनिकांना मात्र ही व्यवस्था मान्य नव्हती. ते परत आले, डिसेंबर १८०१ मध्ये त्यांनी मुस्तफा पाशाला ठार केले आणि त्यांच्या चार म्होरक्यांनी सुभा आपसांत वाटून घेतला. या म्होरक्यांना दाहिया म्हणत. त्यांनी गावांच्या जमिनी बळकावल्या, कर वाढवले आणि खेडोपाडी आपली माणसे बसवली.

सर्बियन रयत आपल्याविरुद्ध सुलतानाशी संधान बांधत आहे अशी शंका आल्यावर दाहियांनी जानेवारी-फेब्रुवारी १८०४ मध्ये प्रमुख क्नेझांची व धर्मगुरूंची कत्तल आरंभली. वाल्येवो येथे अलेक्सा नेनादोविच व इलिया बिर्चानिन या दोन प्रतिष्ठित क्नेझांचा भर रस्त्यावर शिरच्छेद झाला. बंड टाळण्यासाठी केलेल्या या कत्तलीनेच बंड पेटले. तोपोला येथे जोर्जेवरही मारेकरी धाडण्यात आले होते. तो निसटला आणि रानात गेला.

१४ फेब्रुवारी १८०४ रोजी ओराशात्स गावाजवळच्या एका ओहोळात उठावाचा निर्णय घेणारी सभा भरली. प्रथम नेतृत्व स्तानोये ग्लावाश या प्रसिद्ध हायदुकाला देऊ करण्यात आले. आपण हायदुक असल्याने शांतताप्रिय घरधनी आपल्या मागे येणार नाहीत, असे सांगून त्याने नकार दिला. ओराशात्सचा क्नेझ तेओदोसिये मारिचेविच यानेही नेतृत्व नाकारले. शेवटी जोर्जेकडे विचारणा झाली. आपला राग अनावर असतो, जो आज्ञा मोडेल त्याला आपण जागच्या जागी मारू, अशी जाणीव त्याने आधीच करून दिली. सभेला तेच हवे होते.

प्रारंभी हा उठाव सुलतानाविरुद्ध नव्हताच. बंडखोर स्वतःला सुलतानाची एकनिष्ठ प्रजा म्हणवत होते आणि दाहियांना हाकलून पूर्वीची फर्माने लागू करावीत एवढेच मागत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॅन्यूबमधील आदा काले बेटावर चारही दाहिया मारले गेले. तेथेच सर्व थांबायला हवे होते. परंतु सर्बियनांना आता ऑस्ट्रिया किंवा रशियाची हमी हवी होती आणि सुलतानाला परक्या सत्तेची हमी आपल्या राज्यात चालणार नव्हती. ऑगस्ट १८०५ मध्ये निशहून आलेल्या हाफिझ पाशाच्या फौजेचा इवान्कोवात्स येथे सर्बियनांनी पराभव केला. सुलतानाच्या स्वतःच्या सैन्याशी झालेली ही पहिली लढाई होती. यापुढे बंडखोर म्हणजे सुलतानाचे उघड शत्रू ठरले.

मिशारची लढाई

१८०६च्या उन्हाळ्यात ओस्मानी दरबाराने उठाव एकाच मोसमात मोडून काढण्याचा बेत केला. आग्नेयेकडून इब्राहिम पाशाची फौज मोरावा नदीच्या खोऱ्यातून येणार होती, तर पश्चिमेकडून बोस्नियाची फौज द्रीना नदी ओलांडून शाबात्समार्गे बेलग्रेडकडे सरकणार होती. आग्नेयेकडील फौज देलिग्राद येथील मातीच्या कोटापुढे अडकून पडली. पश्चिमेकडील संकट अधिक जवळचे होते. बोस्नियाचे सरदार पिढीजात लढवय्ये होते आणि त्यांचे घोडदळ नावाजलेले होते. त्यांचा मुख्य सेनापती सुलेमान पाशा स्कोप्ल्याक हा होता. सरदारांत मेहमेद कुलेनोविच याचा दरारा मोठा होता. लोककथा व गीतांत तो कुलिन कपेतान या नावाने येतो.

काराजोर्जेजवळ सुमारे ७,००० पायदळ आणि २,००० घोडेस्वार होते. ओस्मानी सैन्य परंपरेने ४०,००० सांगितले जाते. विजयकथांत शत्रूची संख्या दर पिढीगणिक वाढत जाते, हे ध्यानात ठेवून हा आकडा घ्यावा. तथापि सर्बियन संख्येने पुष्कळ कमी होते याबद्दल दुमत नाही. त्यांतले बहुतेक कालपर्यंत नांगर धरणारे शेतकरी होते. मोकळ्या मैदानावर बोस्नियाच्या स्वारांसमोर ते टिकले नसते.

हे ओळखून काराजोर्जेने लढाईची जागा व रीत स्वतः निवडली. शाबात्सच्या पूर्वेस, सावा नदीजवळ, मिशार येथील उंचवट्यावर त्याने मातीचा कोट उभारला. भोवती खंदक खणला, त्यातून निघालेल्या मातीचा बांध घातला, आणि त्यामागे बंदूकधारी पायदळ व मोजक्या तोफा ठेवल्या. घोडदळ मात्र त्याने कोटात घेतले नाही. ते बाजूच्या अरण्यात, शत्रूच्या दृष्टीआड, दडवून ठेवले. धर्मगुरुपद सोडून शस्त्र धरलेला लुका लाझारेविच आणि याकोव्ह नेनादोविच हे या भागातील नामांकित सेनानी या लढाईत होते. याकोव्ह हा वाल्येवोला शिरच्छेद झालेल्या अलेक्साचा भाऊ.

ऑगस्टच्या मध्यास काही दिवस चाललेल्या या लढाईत ओस्मानी फौजेने कोटावर सरळ चाल केली. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत कोणीही बंदूक झाडू नये, अशी सक्त ताकीद काराजोर्जेने दिली होती. या ताकिदीचे महत्त्व त्या काळची बंदूक लक्षात घेतल्याशिवाय उमगत नाही. नळीत तोंडाकडून बार भरायचा, गोळी ठासायची आणि मग नेम धरायचा. एकदा बार फुकट गेला की पुढचा भरेपर्यंत स्वार अंगावर येत. लांबून मारा नेमका होत नसे. हल्लेखोर धावत येत असता, ओरडा कानी पडत असता, बोट चापावर ठेवून गप्प राहणे हे कवायती फौजेलाही अवघड जाते. अशिक्षित शेतकऱ्यांच्या जमावाने ते केले, याचे श्रेय काराजोर्जेच्या शौर्याइतकेच त्याच्या धाकाला द्यावे लागेल. आज्ञा मोडणाऱ्याचे काय होते हे प्रत्येकाला माहीत होते.

पहिली सरबत्ती जवळून झाल्यामुळे हल्ल्याच्या पुढच्या रांगा कोसळल्या. हल्लेखोर खंदकाशी अडखळले असतानाच अरण्यातून सर्बियन घोडदळ निघाले व शत्रूच्या बगलेवर आणि पिछाडीवर तुटून पडले. त्याच वेळी कोटातील पायदळ बांधावरून बाहेर आले. दोहोंच्या मध्ये सापडलेल्या ओस्मानी फौजेची दाणादाण उडाली. कुलेनोविचसह बोस्नियाचे अनेक नामांकित सरदार पडले. उरलेले सैन्य द्रीनेच्या दिशेने पळत सुटले आणि वाटेत त्याचा पाठलाग झाला. बोस्नियाच्या कित्येक मोठ्या घराण्यांतले कर्ते पुरुष या एका लढाईत गेले. हा आघात पुढे अनेक वर्षे त्या प्रांतात जाणवत राहिला.

आंधळा गूस्लेवादक फिलिप विश्निच याने या लढाईवर रचलेले वीरगीत वुक काराजिच याने लिहून घेतले, त्यामुळे मिशारचे नाव सर्बियन लोकसाहित्यात अढळ झाले. गूस्ले हे एकतारी वाद्य. त्यावर वीरांची चरित्रे गाणाऱ्या या गायकांचे स्थान आपल्याकडील शाहिरांच्या जवळचे होते.

इच्कोचा तह आणि बेलग्रेड

मिशार व देलिग्राद येथील अपयशानंतर सुलतानाचा दरबार नमला. रशियाशी युद्धाची चिन्हे दिसत होती आणि सर्बियात गुंतून पडणे त्याला परवडणारे नव्हते. बंडखोरांच्या वतीने पेतार इच्को या व्यापाऱ्याने इस्तंबूलला जाऊन वाटाघाटी केल्या. त्यातून ठरलेल्या तहानुसार सर्बियनांना अंतर्गत स्वायत्तता मिळणार होती. खंडणीची रक्कम ठरवून दिली जाणार होती व तिची वसुली त्यांच्याच हाती राहणार होती. दोन वर्षांपूर्वी ओराशात्सच्या ओहोळात जमलेल्यांनी एवढ्याची कल्पनाही केली नव्हती.

याच सुमारास बेलग्रेड पडले. डिसेंबर १८०६ मध्ये, संत अँड्र्यूच्या सणाच्या पहाटे, पूर्वी तुर्कांच्या चाकरीत असलेला कोंदा हा सरदार मूठभर साथीदारांसह शहरात शिरला, त्याने वेशीवरील पहारा कापून दरवाजा उघडला आणि बंडखोर आत घुसले. किल्ला काही आठवड्यांनी शरण आला. मार्च १८०७ मध्ये सुरक्षित वाट देण्याच्या वचनावर बाहेर पडलेला सुलेमान पाशा आणि त्याचे सैनिक वाटेत मारले गेले. शहरातील मुस्लिम रहिवाशांची कत्तल झाली, ज्यू वस्तीही सुटली नाही. सर्बियन राष्ट्रीय इतिहासात हा भाग बराच काळ घाईने उरकला जाई. परंतु उठावाचा सर्वांत मोठा विजय आणि त्यावरचा सर्वांत मोठा डाग एकाच शहरात, चार महिन्यांच्या आत आहेत.

दरम्यान रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध सुरू झाले होते. रशियाच्या दूतांनी सर्बियनांना मदतीचे व स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. पदरात पडत असलेली स्वायत्तता घ्यावी की पूर्ण स्वातंत्र्यासाठी लढावे, असा पेच काराजोर्जे व इतर सरदारांपुढे होता. त्यांनी दुसरी वाट धरली आणि इच्कोचा तह झिडकारला. त्या क्षणी हा निर्णय वेडेपणाचा नव्हता. मिशारची विजयी फौज हाताशी होती आणि पाठीशी रशियासारखी सत्ता उभी होती. परंतु यापुढे सर्बियाचे भवितव्य रशियाच्या सोयीशी बांधले गेले, आणि रशियाची सोय नेपोलियनच्या हालचालींवर अवलंबून होती.

राज्यकारभार

काराजोर्जेने राज्याची घडी बसवण्याचा प्रयत्न केला. १८०५ मध्ये शासन परिषद स्थापन झाली होती. १८०८ मध्ये बेलग्रेडला उच्च विद्यालय निघाले. त्यामागे दोसितेय ओब्रादोविच या विद्वानाची प्रेरणा होती. पुढे तोच पहिला शिक्षणमंत्री झाला. स्वतः निरक्षर असलेल्या पुढाऱ्याच्या अमलात हे घडले, याची नोंद घेतली पाहिजे. त्याचा मोठा मुलगाही याच विद्यालयात शिकला.

परिषद आणि नेता यांचे मात्र कधी जमले नाही. परगण्यापरगण्याचे सरदार, ज्यांना वोयवोदा म्हणत, आपापल्या भागात स्वतंत्रपणे वागत. काराजोर्जे त्यांना दरडावून, कधी शस्त्र रोखून वठणीवर आणी. १८०६ मध्ये त्याने आपला धाकटा भाऊ मारिन्को याला एका मुलीवर अत्याचार केल्याबद्दल फाशी दिले. सत्ताधाऱ्याच्या भावालाही कायदा सोडत नाही, हे यातून लोकांना दिसले. तो कायदा एकाच माणसाच्या रागावर उभा आहे, हेही दिसले. १८११ मध्ये त्याला वंशपरंपरागत नेता म्हणून मान्यता मिळाली व काही विरोधी सरदार हद्दपार झाले.

चेगार आणि उठावाचा अंत

१८०९ मध्ये सर्बियनांनी एकाच वेळी अनेक दिशांना चढाई केली. काराजोर्जे स्वतः नैर्ऋत्येकडे सेनित्सा व नोवी पाझारकडे गेला. दुसरी फौज निशवर निघाली. तिच्या सेनापतिपदावरून सरदारांत तेढ होती. मिलोये पेत्रोविचची नेमणूक झाल्याने पेतार दोब्रन्यात्ससारखे अनुभवी सरदार दुखावले. निशभोवती प्रत्येकाने आपापला स्वतंत्र मोर्चा बांधला. ३१ मे रोजी चेगार टेकडीवरील स्तेवान सिंजेलिचच्या मोर्चावर ओस्मानी फौज तुटून पडली, तेव्हा शेजारच्या मोर्चांतून मदत आली नाही. शत्रू आत शिरल्यावर सिंजेलिचने दारूच्या कोठारावर पिस्तूल झाडले. मित्र आणि शत्रू एकत्रच उडाले. विजयी पाशाने सर्बियनांच्या ९५२ कवट्या बसवून निशच्या रस्त्यावर मनोरा बांधवला. त्यांपैकी ५८ कवट्या आजही तेथे आहेत.

मिशारला मातीचा कोट एकच होता आणि आज्ञा एकाची होती. चेगारला कोट अनेक होते.

१८१२ मध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या तोंडावर रशियाने बुखारेस्ट येथे सुलतानाशी घाईने तह केला. त्यातील आठव्या कलमात सर्बियनांना माफी व मर्यादित स्वायत्तता देऊ केली होती, परंतु किल्ले तुर्कांच्या ताब्यात जाणार होते. सहा वर्षांपूर्वी नाकारलेल्या तहाहून हे कितीतरी उणे होते. रशियन सैन्य निघून गेले. १८१३च्या उन्हाळ्यात ओस्मानी फौजा तीन बाजूंनी चालून आल्या. नेगोतिनच्या बचावात हायदुक वेल्को पडला. त्या उन्हाळ्यात आजारी असलेला काराजोर्जे फौज सावरू शकला नाही. ३ ऑक्टोबर १८१३ रोजी तो सावा ओलांडून ऑस्ट्रियात गेला. मागे राहिलेल्या प्रजेवर सूडाचा कहर कोसळला. हजारो माणसे नदीपार पळाली. अनेक स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली गेली. नेत्याने अखेरच्या क्षणी देश सोडला, ही गोष्ट त्याचे अनेक चाहतेही विसरू शकले नाहीत.

परागंदा जीवन आणि हत्या

ऑस्ट्रियाने त्याला प्रथम किल्ल्यात व नंतर ग्राझ येथे नजरकैदेत ठेवले. १८१४ मध्ये तो रशियात गेला व बेसारेबियातील होतिन येथे राहू लागला. बोरोविकोव्हस्की या चित्रकाराने १८१६ मध्ये काढलेले त्याचे चित्र याच काळातले. इकडे सर्बियात मागे राहिलेला मिलोश ओब्रेनोविच हा सरदार १८१५च्या वसंतात ताकोवो येथे पुन्हा उठला. त्याने काही लढाया जिंकल्या आणि त्याच वर्षी माराश्ली अली पाशाशी तोंडी समझोता केला. थोडे मिळवावे, ते टिकवावे, मग आणखी मागावे, ही त्याची रीत होती. या रीतीने १८३० पर्यंत त्याने जे पदरात पाडले ते इच्कोच्या तहाच्या बरेच जवळ जाणारे होते.

काराजोर्जे मात्र ग्रीक क्रांतिकारकांच्या ‘फिलिकी एतेरिया’ या गुप्त मंडळात सामील झाला. ग्रीस व सर्बिया यांनी एकत्र उठावे, असा बेत होता. १८१७च्या उन्हाळ्यात तो गुप्तपणे सर्बियात आला आणि वुयित्सा वुलिचेविच या जुन्या सहकाऱ्याच्या आश्रयास राहिला. वुयित्सा हा त्याचा कूम होता. सर्बियन समाजात बारशाला किंवा लग्नाला धर्मसाक्षी राहून जुळणारे हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच पवित्र मानतात. काराजोर्जे आल्याचे मिलोशला कळवण्यात आले. नवा उठाव झाल्यास आपला समझोता मोडेल आणि सत्ताही जाईल, हे मिलोशने ओळखले. २६ जुलै १८१७ रोजी रादोवान्ये येथील वनात, झोपेत असताना, वुयित्साचा सेवक निकोला नोवाकोविच याने कुऱ्हाडीने काराजोर्जेला ठार केले. त्याचा सहकारी नाऊम कर्नार हाही मारला गेला. काराजोर्जेचे शिर बेलग्रेडच्या पाशाकडे व तेथून इस्तंबूलला सुलतानाकडे पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी वुयित्साने वेलिका प्लानाजवळ एक लाकडी चर्च बांधले. ‘पोकायनित्सा’, म्हणजे पश्चात्तापाचे, या नावाने तो मठ आजही ओळखला जातो.

वारसा

या हत्येने काराजोर्जेविच व ओब्रेनोविच या घराण्यांत वैर निर्माण झाले आणि सर्बियाचे सिंहासन जवळजवळ शतकभर त्यांच्यात हेलकावत राहिले. १८४२ ते १८५८ या काळात काराजोर्जेचा मुलगा अलेक्सांदर गादीवर होता. १९०३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी ओब्रेनोविच राजाची व राणीची हत्या केल्यावर काराजोर्जेचा नातू पहिला पेतार राजा झाला. न्येगोशने ‘पर्वतमाला’ हे आपले प्रसिद्ध काव्य काराजोर्जेच्या स्मृतीस अर्पण केले आहे. १९११ साली निघालेला पहिला सर्बियन कथापटही त्याच्याच जीवनावर होता. हरवलेला समजला गेलेला हा मूकपट २००३ मध्ये व्हिएन्ना येथे सापडला. ओराशात्सच्या सभेची आठवण म्हणून १५ फेब्रुवारी हा दिवस सर्बियात राज्यत्व दिन म्हणून पाळला जातो.

काराजोर्जेचे अवशेष प्रथम तोपोला येथील चर्चमध्ये होते; १९३० मध्ये ते जवळच्या ओप्लेनात्स टेकडीवरील राजघराण्याच्या समाधिमंदिरात हलवण्यात आले. राजा पेतारने १९०४च्या राज्याभिषेकासाठी जो मुकुट घडवून घेतला तो सोन्याचा नाही. आजोबांच्या पहिल्या तोफेची ब्राँझची मूठ वितळवून पॅरिसच्या कारागिरांनी तो तयार केला.